शिसं प्यालेली मोहरी

महाडच्या स्टँडवर उज्वलाबाई तुडीलच्या गाडीची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर रंगूबाई हिरव्या मोहरीचं गाठोडं घेऊन बसली होती. तेवढ्यात तिच्या गावचा श्रीपत आला.

“वहिनी, भाजी विकायला आणलीस?”

“नाय भावजी, विष हाय. कारखान्याच्या पाण्यानं शेतात शिसं मुरलं. शेतकीचे साहेब म्हणाले, मोहरी लाव, ती शिसं ओढून घेते.”

“मग ओढलं?”

“ओढलं की! आता म्हणतात, गुरांनाही घालू नको, कारखान्याच्या कचऱ्यात दे.”

उज्वलाबाई बाकावर जरा पुढं सरकल्या.

“दिलीस?” श्रीपतनं विचारलं.

“गेटवरचा साहेब म्हणतो, बाहेरचं विष आम्ही आत घेत नाय.”

“तुमचंच हाय, म्हणायचं!”

“म्हटलं की. तर विचारतो, पावती हाय?”

“आता काय करशील?”

“नेते परत, नि शेतातच पुरते. तिथं कोण पावती मागत नाय.”