सुधारित प्रत

(शिक्षकांसाठीच्या साधन केंद्रातली खोली. दुपार. टेबलावर एक संगणक, समोरासमोर दोन खुर्च्या.)

सर — नाही नाही, पाणी नको. सही झाली की निघतो. दोन मिनिटांचं काम आहे.

मॅडम — बसा तरी. कशावर सही हवी आहे?

सर — तुमच्याच प्रयोगाच्या शीटवर. ‘आम्ल आणि पाणी’, इयत्ता नववी. उद्या अकरा वाजता चौकशी समितीपुढे जायचंय. त्यांनी सांगितलंय, शीट केंद्राकडून प्रमाणित करून आणा.

मॅडम — म्हणजे ते... तुम्ही.

सर — हो. तो मीच.

मॅडम — मला वाटलं कुणीतरी नवीन विज्ञान शिक्षक असतील.

सर — नवीनच की. या जूनपासून. त्याआधी सत्तावीस वर्षं भाषा शिकवली. विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि तिकडूनच बदली घेतली. मुख्याध्यापक म्हणाले, तुम्हाला वाचता येतं ना, मग शिकवा पुस्तक वाचून. मी घाबरलो होतो खरं तर. मग कुणीतरी तुमच्या ग्रुपवर घेतलं. तिथून पुढे सहा महिने माझा वर्ग तुमच्या जिवावर चालला. ते धडधडणारं हृदय, ग्रह फिरवायचा खेळ, पेशींचे व्हिडिओ. मुलं भाषेच्या तासालाही विचारायची, आज काय दाखवणार?

मॅडम — तुम्ही प्रत्येक शीटखाली ‘आभारी आहे’ लिहायचात. पूर्ण शब्दांत. बाकी सगळे नुसता अंगठा टाकतात.

सर — अंगठा आमच्याकडे सही न येणारे द्यायचे. म्हणून जरा जड जातं.

मॅडम — कशी आहे ती मुलगी?

सर — उजवा डोळा गेला. डाव्याचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. गालाला आणि मानेला पट्ट्या आहेत. परवा पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, सर, मी थर्मामीटर वाकडा धरला होता का?

मॅडम — अरे देवा.

सर — तिला पुढे मीच बोलावलं होतं. आकडे नीट वाचते, अक्षर चांगलं आहे, म्हणून. थर्मामीटर बघायचा आणि फळ्यावर लिहायचं. पहिल्या दोन कृती छान झाल्या, पाण्यात थोडं थोडं आम्ल घातलं. मग तिसरी. ‘आता क्रम उलटा करा. तीव्र आम्लात पाणी ओता. तापमान नोंदवा.’ पाणी मी ओतलं. तिने तापमान बघायला मान खाली घातली.

मॅडम — संरक्षक चष्मे नव्हते डोळ्यांना?

सर — साहित्याच्या यादीत नव्हते.

मॅडम — नसणारच. ते साहित्य खरं नव्हतंच, सर. स्क्रीनवर एक कपाट दिसतं, त्यातली बाटली बोटाने उचलायची आणि बीकरवर धरायची. उलट्या क्रमाने ओतलं की सगळं उसळून बाहेर येतं, मुलं ओरडतात, आणि ‘पुन्हा सुरू करा’ दाबलं की बीकर स्वच्छ. तिसरी कृती त्यासाठीच घातली होती. जी गोष्ट आयुष्यात कधी करायची नाही, ती त्यांनी एकदा सुरक्षितपणे करून बघावी म्हणून.

सर — आता कळतंय. आणि तुम्ही ते स्पष्ट लिहिलंयही. अपघातानंतर मी फाइल परत उघडली तर पहिलीच ओळ, लाल अक्षरांत. ‘हा प्रयोग फक्त स्क्रीनवरच्या प्रयोगशाळेत करायचा आहे. खऱ्या आम्लाने कधीही करू नये.’ यापेक्षा सरळ वाक्य मलाही लिहिता आलं नसतं. मी ते वाचलं नाही, इतकंच.

मॅडम — तुम्ही समितीला असं सांगणार आहात?

सर — लिहून आणलंय. हे बघा. ‘मूळ शीटवर सूचना पहिल्यापासून होती, माझ्याकडून ती वाचायची राहिली.’ तुम्ही फक्त खाली लिहायचं, वरील मजकूर बरोबर आहे. शिक्का असेल तर शिक्का.

मॅडम — तुमची नोकरी जाईल, सर.

सर — चौदा महिने उरलेत. ते मी वर्गात काढू शकेन असंही आता वाटत नाही. पण तुमचं हे काम बंद पडता कामा नये. समितीतले एकजण म्हणालेच, ही इंटरनेटवरची थेरं बंद करा. माझ्यासारखे किती जण असतील. विषय एक, शिकवतो भलताच. माझ्या एका न वाचलेल्या ओळीपायी त्यांचा आधार कशाला जायला हवा?

मॅडम — पाणी घ्या ना थोडं.

सर — बरं, द्या. पण एक गोष्ट मला सुटत नाही, ती तेवढी सांगा. हा त्या दिवशीचा कागद. वापरला तोच. यावर ती ओळ नाहीये.

मॅडम — दाखवा.

सर — वर ही कोरी जागा आहे, दोन बोटं. ओळ इथेच असायला हवी. मला आधी वाटलं, आमचा प्रिंटर काळ्या शाईचा, लाल अक्षर त्याने सोडून दिलं असेल.

मॅडम — असं होऊ शकतं.

सर — होऊ शकतं?

मॅडम — जुना प्रिंटर असेल तर. कधी कधी.

सर — नाही होत. मी करून बघितलं. शाळेतला दुसरा एक लाल मजकूर त्याच प्रिंटरवर काढला, राखाडी आला. वाचता येत होता. मग तुमचीच फाइल परत काढली. ही. लाल ओळ राखाडी आली, पण आली. तीन वेळा काढली, तिन्ही वेळा आली.

मॅडम — तुम्ही प्रयोग केलात.

सर — विज्ञान शिकवायला ठेवलंय मला. तर मग उरतं काय? झेरॉक्स काढताना वर दुसरा कागद आला असेल, नाहीतर मी घाईत काहीतरी झाकलं असेल. नऊ दिवस तेच आठवतोय. त्या सकाळी कुठे उभा होतो, हातात काय होतं. मी आयुष्यभर मुलांना सांगितलं, आधी सगळं वाचा, मग पेन उचला. आणि मीच वाचलं नाही, हे काही केल्या आठवत नाही मला. वय झालं म्हणायचं. असू दे. हे घ्या पेन.

मॅडम — सर, ते निवेदन जरा बाजूला ठेवा.

सर — का? काही चुकलं?

मॅडम — खुर्ची इकडे घ्या. स्क्रीनकडे. या फाइलमध्ये काय कधी बदललं याची नोंद राहते. आपोआप. इथे बोट ठेवलं की तारीख दिसते. वाचा.

सर — थांबा, चष्मा. ‘मंगळवार, अकरा वाजून बेचाळीस. एक ओळ वाढवली.’ मंगळवार कुठला?

मॅडम — तोच.

सर — आमचा तास साडेदहाचा. अकरा बेचाळीसला आम्ही इमर्जन्सीच्या बाहेर बाकावर होतो. तिची आई अजून यायची होती.

मॅडम — ग्रुपवर साडेअकराला आलं होतं. कुठल्याशा शाळेत आम्ल उडालं, मुलगी भाजली. शीटचा फोटोही होता. मी फाइल उघडली आणि ती ओळ घातली.

सर — त्याआधी नव्हती.

मॅडम — नव्हती. शीट मुळात त्या प्रयोगशाळेच्या पानाला खाली जोडलेली होती. तिथे आलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मग ग्रुपवर लोक म्हणायला लागले, आमच्याकडे नेट चालत नाही, ते पान उघडत नाही, नुसती शीट टाका. मी नुसती शीट टाकली. वरची जागा चित्राची होती, चित्र काढलं म्हणून कोरी राहिली. तुम्ही काहीही झाकलं नव्हतं.

सर — म्हणजे मी नीट वाचलं होतं.

मॅडम — हो, सर. शब्द न् शब्द. मी लिहिलं तसंच केलंत.

सर — आणि आत्ता मी सही मागत होतो, तेव्हा?

मॅडम — करणार होते. प्रिंटरचं बोलले तेव्हा तर मला वाटलं, सुटले.

सर — मी पोरीला जाऊन सांगितलंय, चूक माझी, मी वाचलं नाही. तिच्या आईने हात जोडले माझ्यापुढे. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, सर, तुम्ही रोज येता तेवढं पुरे.

मॅडम — मला शिव्या द्या हव्या तर.

सर — मला येत नाहीत नीट. कुणाकुणाला माहीत आहे हे?

मॅडम — कुणालाच नाही. केंद्रप्रमुखांनाही नाही. तुम्हीच पहिले.

सर — एक मिनिट. तुम्ही ओळ या फाइलमध्ये घातली. ज्यांनी आधीच काढून घेतली, त्यांच्या कागदावर ती कशी जाईल?

मॅडम — नाही जात.

सर — मग त्यांना कळवलंत ना?

मॅडम — नाही कळवलं.

सर — मॅडम, किती जणांनी घेतलीय?

मॅडम — चारशे बारा वेळा उतरवून घेतलीय. पुढे कुणी कुणाला पाठवली ते दिसत नाही.

सर — आणि नऊ दिवस तुम्ही गप्प आहात.

मॅडम — अपघाताची बातमी ग्रुपवर होतीच. मला वाटलं, सावध झाले असतील सगळे.

सर — तिथे काय चाललंय वाचता ना? नवख्या मास्तरच्या हाती आम्ल दिल्यावर दुसरं काय होणार. हे वाचून कुणी आपला कागद तपासेल? प्रत्येकाला वाटणार, तो गाढव होता, मी नाही. मलाही तसंच वाटलं असतं.

मॅडम — ‘ओळ नव्हती’ असं कळवलं असतं तर लगेच कळलं असतं की नंतर मी... मी रोज मेसेज लिहिते आणि पुसते, सर. रोज. माझं कंत्राट आहे इथे. मार्चला नवं होणार होतं. आणि पोलीस येतील का, तेही माहीत नाही.

सर — मलाही माहीत नाही. येतीलही. कंत्राट तर जाईलच, ते कशाला खोटं सांगू. आता किती वाजलेत?

मॅडम — पावणेचार.

सर — म्हणजे दुपारच्या शाळांचे तास अजून चालू आहेत. लिहा.

मॅडम — काय लिहू?

सर — रोज लिहिता ना. आजचं लिहा, मी ऐकतो.

मॅडम — ‘सर्व सन्माननीय शिक्षक बंधू-भगिनींना कळविण्यात येते की...’

सर — ते काढा. वर्गात उभा असलेला माणूस तिथपर्यंतच वाचतो आणि फोन खिशात ठेवतो. आधी काय करू नका ते लिहा.

मॅडम — ‘आम्ल आणि पाणी ही शीट वापरू नका. तिसरी कृती खऱ्या आम्लाने केल्यास गंभीर इजा होते.’

सर — होते नाही. झाली आहे. एका मुलीचा डोळा गेला आहे.

मॅडम — ‘...एका मुलीचा डोळा गेला आहे. आधीच्या प्रतीवर अनवधानाने सूचना राहून गेली होती.’

सर — सूचना आपली आपण राहून गेली?

मॅडम — ‘मी सूचना लिहिली नव्हती.’

सर — अनवधानाने?

मॅडम — काढते.

सर — आणि आत्ता उघडली की लाल ओळ दिसते तिचं काय? लोक म्हणतील, ओळ तर आहे.

मॅडम — ‘सध्या दिसणारी लाल ओळ मी अपघातानंतर घातली आहे.’ सर, हे लिहायलाच हवं?

सर — नाही लिहिलं तर जे मला वाटलं तेच त्यांना वाटेल. की कागदात काही खोट नाही, आपणच ओळ बघितली नाही.

मॅडम — लिहिलं. ‘ज्या शिक्षकांच्या वर्गात अपघात झाला, त्यांनी शीटप्रमाणेच कृती केली होती.’

सर — त्याची गरज नाही.

मॅडम — आहे. ते मी ठेवणार.

सर — पाणी मी ओतलंय. ते तुमच्या कुठल्याही वाक्याने माझ्या हातातून जात नाही. पण ठेवायचं तर ठेवा. खाली तुमचं नाव आणि फोन नंबर टाका. केंद्राचं नाव नको, तुमचं.

मॅडम — टाकलं. वाचून दाखवू परत?

सर — वाचलं मी. पाठवा.

मॅडम — सर...

सर — तुम्ही दाबा. मी दाबलं तर उपयोग नाही.

मॅडम — गेला.

सर — दिसतं का कुणी वाचलं ते?

मॅडम — दिसतं. चार. नऊ. सतरा. एक बाई म्हणतायत, शनिवारी घेणार होते, बाटली काढून ठेवली होती.

सर — बाटली कुलपात ठेवा म्हणावं. आणि समितीसाठी वेगळं पत्र लागेल. या नोंदीचा प्रिंट जोडून. माझं निवेदन मी रात्री नव्याने लिहीन.

मॅडम — उद्या मी येते तुमच्याबरोबर. अकराला ना?

सर — साडेदहाला या. आणि तिच्या आईलाही भेटावं लागेल. तिथे मी बोलणार नाही, तुम्ही बोलायचं.

मॅडम — बरं.

सर — काय झालं? काही आलं का?

मॅडम — एक शिक्षक आहेत. लिहितायत, हा प्रयोग आम्ही आजच घेतला.

सर — पुढे?

मॅडम — पुढे काही नाही. टाइप करतायत अजून.