बहिरू माळी हयात असल्याबाबत व ग्यारेजच्या मांडणीबाबत

जबाब देणार: सौ. बायजाबाई बहिरू गवारी. वय माहीत नाही, हवालदारांनी तोंडाकडे बघून पंचेचाळीस धरले. शिक्षण दुसरी नापास. धंदा दिनशा शेठ यांच्या बंगल्यावर झाडलोट व स्वयंपाक. राहणार त्याच बंगल्यातील ग्यारेजमागची खोली, तुंगार्ली, लोणावळा, तालुका मावळ, जिल्हा पुणे. तारीख १७ जुलै १९६४, शुक्रवार.

मी आपल्या पायाने ठाण्यात येऊन सांगते की, माझ्या नावाआधी जे ‘सौ.’ आहे ते मी मुद्दाम लिहायला लावले आहे. ते खोडू नये.

माझा नवरा बहिरू हा शेठच्या बंगल्यावर माळी आहे. तो जिवंत आहे. आत्ता तो ठाण्याच्या बाहेर बाकावर बसून तंबाखू मळतो आहे. तरी तो बुधवारी मेला आणि मी भाऊबंदांना न कळवता त्याची परस्पर विल्हेवाट लावली, अशी खबर माझा धाकटा दीर गेणू याने या ठाण्यात दिली, व शेठना मुंबईला तारही केली. त्यावरून शेठच्या म्यानेजरने आज सकाळच्या गाडीने नवा माळी धाडला आहे. महिनाअखेर खोली मोकळी करा, असा निरोप त्याच्याबरोबर आला आहे. त्यामुळे बहिरू जिता असल्याचा शिक्क्याचा कागद मला आजच्या आज पाहिजे. घरी माझी डाळ भिजत पडली आहे.

हे सगळे ग्यारेजात डबे ठेवायच्या मांडणीवरून झाले. हवालदार म्हणाले, मांडणीचे राहू द्या, मयताचे सांगा. मयत नाहीच तर सांगू काय? मांडणीचेच सांगते.

शेठच्या ग्यारेजात तेलाचे डबे, जुने टायर, रंगाची टमरेले, पाने-पकडी, बागेच्या झाऱ्या असे सगळे जमिनीवर पडलेले असते. मोटारीला आत जागा नाही. गेल्या महिन्यात शेठ आले, तेव्हा टायरखालून इंचू निघाला. शेठ बाकावर चढून म्हणाले, “बायजा, पुण्याहून लोखंडी रॅक मागव.” शेठ मुंबईचे, त्यांना इथला पाऊस चार दिवसांपुरता माहीत. इथे विळासुद्धा चुलीवर धुरात टांगावा लागतो, नाहीतर चार महिन्यांत गंजून जातो. तरी मालकाचा शब्द म्हणून मी बाजारात लोखंडी रॅक बघितला. दुकानदाराने त्याच्यावर टण् करून थाप मारली आणि म्हणाला, “बाई, नातवंडांना पुरंल.” मी केसातला आकडा काढून रंग खरवडला. खाली तांबडा गंज. मी म्हणाले, “नातवंडं ऱ्हाऊ द्या, हा दिवाळीपत्तूर न्हाई टिकायचा.”

बहिरूचे म्हणणे असे की, फळांच्या खोक्यांच्या फळ्या फुकट मिळतात, त्या मी ठोकतो. मी म्हणाले, “वाळवीला जेवान घालायचं आसंल तर घाला.” बहिरूने गोधडी डोक्यावर ओढली. तेव्हा त्याला ताप होता. आठ दिवस तो अंथरुणाला खिळून होता, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होते. औषधाच्या बाटल्या मीच नेत होते.

मग मी युनूस मिस्त्रीकडे गेले. त्याने एका दुकानदारासाठी मांडणी करायला घेतली होती, पण दुकानदाराने मन फिरवले. पाय जांभळीचे, फळ्यांच्या जागी सागाच्या पट्ट्या, मधे बोटभर फट. म्हणजे वारा खेळतो आणि बुरशी धरत नाही. लांबी माणसापेक्षा जास्त, रुंदी हातभर. ग्यारेजच्या भिंतीला नेमकी बसेल अशी. मी ती जमिनीवर आडवी होती ती उभी करायला लावली आणि मधल्या पट्ट्यांवर चढून बसले.

युनूस म्हणाला, “भाभी, ती डब्यांसाठी हाय.”

मी म्हणाले, “मी चार डब्यांच्या भाराची हाय. मोडली तर तुझी, टिकली तर माझी.”

तो म्हणाला, “आन् तुमी पडला तर कुणाच्या?”

मांडणी करकरली पण हलली नाही. मी तिथेच बसून भाव केला. खाली उतरले असते तर त्याने वर चढवला असता.

मागच्या आडव्या पट्ट्या तेवढ्या बसवायच्या राहिल्या होत्या. भिंत ओबडधोबड, तिचे माप बघूनच त्या बसतात. त्या ग्यारेजात नेऊन सरसाने चिकटवायच्या होत्या. युनूस म्हणाला, सरस तुमच्या चुलीवर गरम करतो. मी म्हणाले, माझ्या चुलीवर हाडा-चामड्याचा सरस चढणार नाही, तुझा तू गरम ठेव. त्यावर त्याने मडक्यात निखारे घातले, वर सरसाची वाटी ठेवली, आणि मडके दोरीच्या शिंकाळ्यात घालून हातात धरले. सरस गार झाला की दगड होतो म्हणे. एवढी माझी चूक आहे ती मी कबूल करते. बाकीची माझी नाही.

बुधवारी दुपारनंतर आम्ही मांडणी नेली. ताजे तेलपाणी केले होते, त्यावर दोरीचा वळ उठू नये म्हणून मी शेठची जुनी पांढरी चादर तिच्यावर घातली व दोन बांबूंना मांडणी आडवी आवळली. चौघांनी खांदा दिला. बहिरू, युनूसचा भाऊ नसीर आणि स्टेशनावरचे दोन हमाल. बहिरूला ताप उतरून चारच दिवस झाले होते. मी नको म्हणत होते, पण तिसरा हमाल आलाच नाही. भुरभुर पाऊस होता म्हणून चौघांच्या डोक्यावर घोंगडीच्या खोळी होत्या, तोंडे दिसत नव्हती. पुढे युनूस, हातात धुमसते मडके. मागे मी. निखारे ओले होऊन धूर मागे येत होता, म्हणून मी पदराने डोळे पुसत होते. बोलू नका, पाय घसरतील, असे मीच सगळ्यांना बजावले होते.

आता हे असे ओळीने सांगितल्यावर फौजदारसाहेब हसले. मला त्या वेळी काही कळले नाही. आमच्या बंगल्याची वाट आणि स्मशानाची वाट ओढ्याच्या मोरीपर्यंत एकच आहे. लोक बाजूला झाले. एक एस्टी थांबली. माणसांनी टोप्या काढल्या. मला बरे वाटले की एवढी चांगली मांडणी घेतली तर लोक मान देतात. एका म्हाताऱ्याने चादरीवर नाणे ठेवले. मला वाटले नव्या वस्तूला शकुन केला. ते नाणे घरी आहे, मुद्देमाल म्हणून पाहिजे तर आणून देते.

मोरीवर हमाल दमले. पुढचे दोघे बुटके, मागचे उंच, सगळा भार पुढे येत होता. म्हणून मांडणी खाली टेकवली, आणि पुढचे मागे व मागचे पुढे केले. समोर बाजीरावचे पानाचे दुकान आहे. मयत न्यायची तेव्हा विसाव्याला खांदे असेच बदलतात, हे बाजीरावला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण मला मांडणी दिसत होती आणि त्याला चादर. त्याने हात जोडले, दुकानाची अर्धी फळी लावली. बाई मयताच्या मागे चाललेली बघून तो चडफडला, पण घरात कर्ता पोरगा नाही, काय करील बिचारी, असे म्हणाला. हे त्याने मला काल सांगितले. माझ्या मागून येण्यावरूनच त्याने ओळखले की आत बहिरू आहे. बहिरू आत नव्हता. बहिरूने मागच्या डाव्या बाजूला खांदा दिला होता. बाजीरावने तळेगावला जाणाऱ्या माणसाबरोबर गेणूला निरोप धाडला. गेणू तळेगावच्या कारखान्यात कामाला आहे.

मोरीवरून आम्ही बंगल्याकडे वळलो ते पावसात कोणी बघितले नाही. मांडणी लागली. युनूसने पट्ट्या चिकटवल्या. मी डबे वर, टायर खाली असे लावून घेतले. बांबू आणि दोर परत द्यायला बहिरू एकटाच बाजारात गेला.

दिवेलागणीला माझी जाऊ व तळेगावच्या दोघी बाया फाटकापासूनच गळा काढत आल्या. जावेने मला कवळ्यात घेतले. “आक्का, दादा गेलं गं!”

मी म्हणाले, “कुटं गेलं? बाजारात गेल्यात.”

“गेलं गं. समद्या गावानं बघितलं.”

तिने माझा डावा हात धरून उंबऱ्याच्या दगडावर आपटला. दोन बांगड्या फुटल्या. तिसऱ्या वेळी मी हात सोडवून घेतला.

बहिरूला जाऊन बराच वेळ झाला होता. घाटातून मालट्रका भरधाव येतात. त्याच्या अंगात ताकद नव्हती. मी फाटकाबाहेर रस्त्यावर आले. पायात चपला होत्या की नव्हत्या ते आठवत नाही. हे लिहायची गरज नाही म्हटले तरी हवालदारांनी लिहिले.

वळणावरून बहिरू आला. हातात कागदात भजी होती. मी त्याला जे बोलले ते कागदावर घालण्यासारखे नाही. तो म्हणाला, “आगं, गार होत्याल.” त्याला बघून जाऊ किंचाळून मागे पळाली ती शेठच्या गुलाबांत जाऊन पडली. दोन झाडे मोडली. त्याचा वेगळा जबाब लागेल तर देईन.

गेणू तोवर स्मशानात जाऊन आला होता. तिथे राख नाही, लाकूड नाही, म्हणून तो ठाण्यात आला व खबर दिली. त्याआधीच त्याने शेठना तार केली होती. भावजयीला शेठने रस्त्यावर काढू नये म्हणून केली, असे तो सांगतो. शिपायाबरोबर तो घरी आला, तेव्हा बहिरू मांडणीच्या खालच्या पट्ट्यांवर बसून भजी खात होता. गेणू कारखान्यातला मोठा माणूस, पण हमसून रडला. माझा त्याच्यावर राग नाही. थोडा आहे, तेवढा लिहा.

गुरुवारी गेणूने ‘बहिरू जिवंत’ अशी दुसरी तार केली. म्यानेजरचे म्हणणे असे की, मेल्याची तार कोणी खोटी करत नाही, जगल्याची करतात, नोकरी टिकवायला. म्हणून आज कान्हू नावाचा नवा माळी येऊन ठेपला. तरणा आहे, स्वभावाने बरा आहे. आल्याबरोबर त्याने आपली ट्रंक माझ्या मांडणीच्या खालच्या पट्ट्यांवर ठेवली व म्हणाला, “मावशी, मांडणी झ्याक हाय.” मी म्हणाले, “झ्याक हाय म्हनून तर सांगते, खाली उतरव.” बहिरूला समोर बघून त्याने ट्रंक आपण होऊन उचलली. म्हणाला, “जित्या मानसाच्या जागी मी कसा बसू? पन रिकाम्या हातानं परत गेलो तर म्यानेजर मला कामावर ठेवायचा न्हाई. पोलिसाचा कागद द्या, तो दावून मी जातो.” तोही बाहेर बाकावर बसला आहे. बहिरूचीच तंबाखू खातो आहे.

मांडणी मजबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन बसून बघावे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी दोन ठिकाणी थांबवले. एका ठिकाणी ‘मजबूत’ राहिले होते, ते घालून घेतले. दुसरे असे की, कागदाच्या माथ्यावर गेणूच्या खबरीवरून ‘मयताचे नाव: बहिरू’ असे होते, ते खोडा असे मी म्हणाले. हवालदार म्हणाले, सरकारी कागदात एकदा पडलेले खोडता येत नाही, पुढे लिहिता येते. मग फौजदारसाहेबांनी बहिरूला आत बोलावले, खालून वरपर्यंत बघितले आणि त्या नावापुढे आपल्या हाताने एक शब्द लिहिला. बाकी सर्व मी सांगितल्याबरहुकूम आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, सौ. बायजाबाई बहिरू गवारी. (हातात बांगड्या नव्या.)

समक्ष साक्षीदार:
१. कान्हू, नवा माळी, परत जाणार. नक्कल मिळाली.
२. मयत बहिरू. हजर. अंगठा.