ताणलेला गळा

प्लास्टरातला पाय लांब करून पोस्टमन दवाखान्याच्या बाकावर बसला होता. शेजारी एक मुलगी आणि तिची इस्त्रीवाली आत्या. मुलीच्या वडिलांना नुकतंच ऑपरेशनला आत नेलं होतं.

“आत्या, मी बाबांचा टी-शर्ट काढतेय.”

“तो नर्सने मघाशीच काढला की! हा काय खुर्चीवर.”

“चित्र गं! पण पत्र्याचा वाटतोय.”

“वाटणारच. इस्त्री करून काढलायस. चुण्या कुठायत?”

“ढीगभर आहेत. कुठल्या काढू?”

“कापड जिथे ओढलं जातं, तिथून त्या निघतात. काखेत बघ, पंख्यासारख्या पसरल्यात. तीस वर्षं मोडतेय मी त्यांना, एकेक ओळखीची आहे.”

“अगं बाई! खराच दिसायला लागला! गळा मात्र डावीकडे ओघळलाय. सरळ करू?”

“खबरदार! माझ्या इस्त्रीनेही तो सरळ झाला नाही.”

“का गं?”

“कडेवर घेतलं की तू तिथेच मूठ आवळायचीस. म्हणून तर दादा हा टाकू देत नाही.”

पेन्सिल थांबली.

“म्हणजे... ही चुणी माझी?”

“तुझीच. दाबून काढ.”

आतून पोस्टमनला दुसऱ्यांदा हाक आली.

“थांबा हो,” तो म्हणाला, “तेवढा गळा होऊ द्या.”