खापर सर आलेत का?

अहो, मला एक सांगा, बायकोनं सांगितलं की तो अंदाज आणि तेच मोबाइलवर वाचलं की तो अभ्यास, हा कुठला न्याय? आमच्या घरात साधं दूध नासलंय म्हटलं तरी हे विचारतात, "कशावरून? संदर्भ दे." आता नासक्या दुधाला काय संदर्भ देऊ, पातेलं नाकाखाली धरू?

हे म्हणजे माझे यजमान. नळ आणि फिटिंगचं दुकान आहे आमचं, पण जीव सगळा त्या इतिहासाच्या ग्रुपात. गिऱ्हाईक येतं वॉशर घ्यायला आणि प्राचीन काळची गटारं ऐकून जातं... वॉशर राहतो इथेच. आणि त्या ग्रुपाचं ब्रीदवाक्य एकच, संदर्भ द्या. कोणी नुसतं 'सुप्रभात' लिहिलं तरी खाली येतं, संदर्भ द्या.

आता तुम्हाला सांगते, नाद मलाही तोच आहे, फक्त मी बोंब मारत नाही. कुरिअरच्या काउंटरवर बसते मी, दुपारी तिथे माशाही कंटाळतात, तेवढ्यात लायब्ररीतून आणलेले उत्खननाचे अहवाल वाचते. मग एक दिवस मीही गुपचूप त्या ग्रुपात शिरले. तिथे नंबर दिसत नाही, नुसतं टोपणनाव. मी घेतलं 'खापर'. म्हटलं, तेवढीच आपली लायकी, फुटलेलं मडकं. आणि भाषा अशी ठेवली, 'आम्हांस असे वाटते...' म्हणजे कसं, भारदस्त. झालं की! दुसऱ्याच दिवशी कोणीतरी लिहिलं, "खापर सर, आपला अभ्यास दांडगा आहे." सर! मी दुरुस्त करणार होते हो... पण इतक्या वर्षांत मला दांडगं कोणी म्हटलं नव्हतं, जरा चाखावंसं वाटलं.

आणि ह्या सरांचा सगळ्यात मोठा भक्त कोण? आमचे हे. समोर ताट, हातात मोबाइल. "अगं ऐक, खापर सरांनी काय लिहिलंय." मी म्हणायची, "अहो, परवा मी हेच म्हटलं होतं." तर म्हणे, "तू म्हटलंस गं, पण सरांनी संदर्भ दिलाय." सासूबाईंना सगळं ठाऊक. मी टाइप करताना त्या बाजूलाच तर असायच्या. त्या खाली मान घालून जेवायच्या आणि म्हणायच्या, "सरांना म्हणावं, ताट उचलायला या."

मला बाकी काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, ह्यांनी मोबाइलकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणावं, तुझं बरोबर आहे. बस.

तर झालं काय, गावाबाहेर रस्ता रुंद करताना एक टेकाड कापलं आणि आत निघाली राख, हाडं, खापरं. ग्रुपात रणधुमाळी! 'बुरूज' नावाचे एक आहेत, ते म्हणाले, हा आमच्या राजाचा वाडा, इथे कमान बांधा. 'कष्टकरी' नावाचे दुसरे आहेत, ते म्हणाले, वाडा कसला, हे राबणाऱ्यांचं धान्यकोठार, इथे स्मारक बांधा. दोघांचे पक्ष वेगळे, नगरपालिकेची निवडणूक तोंडावर, त्यामुळे ते टेकाड कधी डावीकडे झुकायचं, कधी उजवीकडे. आणि आमचे हे टेकाडाचा फोटो काढून आले, ग्रुपावर टाकला आणि मला म्हणाले, "तू नको डोकं लावू, सर सांगतील."

सरांनी लावलं डोकं. बाथरूमला कडी लावून. फोटो मोठा करून पाहिला तर मातीचे थर सगळे तिरके. आता माणसं राहतात तिथे जमीन सपाट तुडवली जाते ना? तिरके थर कुठे, तर वरून टोपल्या पालथ्या होतात तिथे. मी लिहिलं, 'आम्हांस असे वाटते, हा वाडा नव्हे, कोठारही नव्हे. हा उकिरडा आहे.' आणि खाली तीन अहवालांचे पान नंबर.

काय सांगू तुम्हाला... बुरूज आणि कष्टकरी आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला आले! "आमच्या पूर्वजांना कचरेवाले म्हणता?" हे रात्रभर सरांच्या बाजूनं लढले, आणि मी शेजारी झोपून सगळ्यांना संदर्भ देत होते.

मग पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या, त्यांनी चर खणला, आणि ग्रुपावर लिहिलं, 'खापर सरांनी अचूक ओळखलं. हा उकिरडाच आहे, आणि उकिरड्यासारखा खजिना नाही, लोक काय खात होते ते सगळं इथे आहे. सरांनी रविवारी चरापाशी येऊन दोन शब्द बोलावेत.' लगेच बुरूज म्हणाले, बघा, आमच्या राजाची स्वच्छता! कष्टकरी म्हणाले, आणि टोपल्या वाहिल्या कोणी?

रविवारी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, फुलांचा गुच्छ घेतला. मला म्हणाले, "चल तूही, सरांना बघशील तरी." स्कूटरवर गुच्छ माझ्याच हातात दिला, "नीट धर, सरांचा आहे." नीट धरला हो मी. आपल्या वस्तूची काळजी आपणच घ्यायची.

तिथे ही गर्दी. बाईंनी विचारलं, "खापर सर आलेत का?" मी हात वर केला, तर सगळ्यांनी माझ्या मागे पाहिलं. ह्यांनीसुद्धा! वर कानाशी येऊन म्हणतात, "अगं हात खाली घे, सर येतील एवढ्यात." म्हटलं, "अहो, मीच." आणि सवयीनं, अगदी सवयीनं ह्यांच्या तोंडून निघालं, "संदर्भ?"

मी गुच्छ त्यांच्या हातात दिला आणि चरापाशी गेले. थरांकडे बोट केलं आणि 'आम्हांस असे वाटते...' एवढं म्हटलं, मग काउंटरवर वाचलेलं सगळं आपोआप यायला लागलं. राख कुठली, हाडं कुणाची, मडकी का फुटली. बुरूज आणि कष्टकरी एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. आणि आमचे हे... तो गुच्छ छातीशी धरून, तोंड उघडं. बोलून झालं तसे पुढे आले, गुच्छ दिला, आणि मोबाइल खिशात ठेवून, माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं बरोबर होतं."

डोळ्यांत पाणी आलं हो. पण सोडते काय? म्हटलं, "संदर्भ द्या."

घरी येऊन ह्यांनी छाती फुगवून ग्रुपावर लिहिलं, 'कळवण्यास अभिमान वाटतो, खापर सर म्हणजे माझी पत्नी.' बाहेरगावचे जे होते, त्या सगळ्यांचा एकच धोशा, संदर्भ द्या. ह्यांनी शेवटी काढलेला माझा फोटो टाकला, चरापाशी उभी, हातात गुच्छ. सासूबाई म्हणाल्या, आता तरी पटेल मेल्यांना.

उत्तर आलं, 'फोटो उत्तम. पण त्या बाई मध्ये उभ्या राहिल्यामुळे सर दिसत नाहीत.'