कॅन्डल, दोन नग

मेणबत्तीने पाणी गोड होतं, हे तुम्हाला पटायचं नाही. पण मी बघितलंय, आणि ती मेणबत्तीही मीच दिली होती.

पिंपरीच्या एका कंपनीत मी स्टोअरला होतो तेव्हाची गोष्ट. मुंबईहून बदलून आलेले आमचे मॅनेजर साहेब नळाच्या पाण्याने चूळसुद्धा भरायचे नाहीत. आधी घरून बाटल्या भरून आणायचे, मग केबिनमध्ये स्टीलचा फिल्टर आला. एकदा धुताना त्यातल्या पाणी गाळायच्या दोन्ही कॅन्डल फुटल्या. माझ्याकडे चिठ्ठी आली: 'कॅन्डल, दोन नग'. केबिनमधली लाईट जात असेल, म्हणून मी दोन जाड मेणबत्त्या दिल्या. साहेबांचा शिपाई नामदेव, चाकणकडचा. त्याने त्या फिल्टरच्या भोकांत ठोकून बसवल्या.

आठवड्याने साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. फिल्टरचं झाकण उघडं होतं आणि आत पाण्यात दोन मेणबत्त्या उभ्या होत्या, वातीसकट.

"यातून पाणी झिरपतं?" साहेबांनी नामदेवला विचारलं.

"न्हाई साहेब. बुचावानी बसल्यात. थेंब बी खाली जात न्हाई."

"मग तोटीला पाणी येतं कुठून?"

"खालच्या भांड्यात मी रोज भरतो की."

"कुठलं?"

नामदेवने खिडकीतून कामगारांच्या नळाकडे बोट दाखवलं.

"आठवडाभर मी ते पितोय?"

"व्हय. आन् परवा तुमीच म्हनला, नव्या कॅन्डलनं पानी लई गोड झालं."