यादवरावजींचं पुढचं दार

जय भीम.

भंतेजी, शकुंतला वहिनी, प्रज्ञा बेटा, आणि ह्या खोलीत दाटीनं बसलेले माझे सगळे भाऊ-बहिणी. जे आत मावले नाहीत, मागच्या गल्लीत उभे आहेत, त्यांनाही जय भीम.

वंदना झाली. मग सभा चालवणाऱ्या आपल्या भैयानं माझं नाव पुकारलं. म्हणाला, तागडे बाबू यादवरावजींचे जुने मित्र, ते दोन शब्द बोलतील. सकाळपासून कागदावर लिहून राहिलो आणि फाडून राहिलो. शेवटी कागद घरीच ठेवला. शोकसभेत उभं राहणं कोणालाच सोपं नसतं. मला जास्त कठीण आहे, कारण तुम्ही मला भला माणूस समजता. मी बोलून खाली बसेन तेव्हा कदाचित समजणार नाही. तरी बोलू द्या.

आज तुम्ही सगळे मागच्या गल्लीतून आलात. शेजारच्या जिन्याखालून वाकून आलात. काही जण पहिल्यांदाच आले असतील, त्यांनी विचारलंही असेल, इतकं मोठं घर, सडकेला लागून, आणि यायचं असं नालीच्या काठानं काहून?

माझ्या पाठीमागं ही भिंत पाहा. जिच्यावर यादवरावजींचा फोटो आहे. तिथं दार होतं. दोन पल्ल्यांचं, निळ्या रंगाचं. यादवराव मेश्राम ह्या माणसाला ओळखायचं असेल तर ते दार माहीत पाहिजे.

जन्मभर फॅक्टरीत लेथवर काम केलं त्यांनी. रिटायर झाल्यावर सकाळी सातला दार उघडायचं, उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकायची, आणि बसायचं. हातात पेपर असायचा, पण नजर सडकेवर. कोण ओमतीच्या चौकाकडे चाललं, कोण कमानिया गेटच्या बाजारातून पिशव्या भरून येऊन राहिलं, सगळं त्यांना ठाऊक. "ओ मास्तर, थांबा ना! अहो, चहा ठेवलाच आहे!" चहा ठेवलेला नसायचा. हाक मारल्यावर वहिनी ठेवायच्या. होय ना वहिनी? तुमच्यातल्या किती जणांनी त्या दारात बसून चहा पिला आहे? हात वर नका करू. मला माहीत आहे. सगळ्यांनी.

ते दार मी बंद करवलं.

हो. मी. तागडे बाबूनं.

मुलांनो, तुम्हाला मराठी समजते, पण ही टॅक्सची भानगड समजणार नाही, म्हणून थोडं सांगतो. घराचा टॅक्स कसा ठरतो? तुमच्या घराचं भाडं किती येतं, हे कोणी विचारत नाही. ते धरून चालतात. म्हणजे असं, की हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येईल? मग इलाका कोणता, छत सिमेंटचं की टिनाचं, घर राहायला आहे की दुकानाला, आणि सडक कोणती. मुख्य सडकेवरच्या घराचा भाव वेगळा, आतल्या गल्लीतल्या घराचा वेगळा. त्यावरून ते भाडं मानायचं, आणि त्या मानलेल्या भाड्यावर टॅक्स. स्वतः राहत असाल तर सूट. आणि हा फॉर्म घरमालकानं स्वतःच भरायचा. स्वतः मोजायचं, स्वतः लिहायचं, खाली सही करायची की हे खरं आहे.

मी हे यादवरावजींना समजावत होतो, तेव्हा ते मला म्हणाले, "बाबू, मले एक सांग. मी हे घर भाड्यानं देऊन राहिलो का?"

म्हटलं, नाही.

"देणार आहो का?"

म्हटलं, नाही.

"मंग भाडं कशाचं?"

म्हटलं, समजायचं की दिलं.

"अरे पण समजायचं काहून? मी इथं बसलो आहो ना!"

खूप हसलो आम्ही त्या दिवशी. वहिनी आतून म्हणाल्या, काय झालं हो, इतकं काय हसून राहिले?

तर ह्यांच्या समोरची सडक चौडी झाली. मध्ये डिव्हायडर आला, दोन्हीकडे मोबाइलची दुकानं आली, आणि जी गल्लीवजा सडक होती ती मुख्य सडक झाली. घर तेच, छत तेच, माणसं तीच दोन. पण घराचा वर्ग बदलला आणि टॅक्स वाढला. यादवरावजी भरू शकत नव्हते असं नाही. पेन्शन होती. त्यांना फक्त पटत नव्हतं. लेथवरचा माणूस, सुतासुताचा हिशोब करणारा. ते म्हणायचे, "मी जागचा हललो नाही बाबू, सडकच माझ्याजवळ आली. मंग पैसे मी काहून देऊ?" आणि मला विचारायचे, काही रस्ता आहे का?

काहून विचारायचे मला? कारण मी नगर निगममध्ये, म्हणजे महापालिकेत, नोकरीला होतो. आपल्या समाजात टॅक्सचं काही निघालं की सगळे म्हणतात, तागडे बाबूला विचारा, ते निगमचे. आज तुमच्यासमोर सांगतो. मी पाण्याच्या खात्यात होतो. नळाचे कनेक्शन, मीटर, लिकेज. सगळी नोकरी मी नळाचे अर्ज लिहिण्यात घालवली. टॅक्सच्या खोलीत मी चहा प्यायला जायचो. तेवढंच माझं टॅक्सचं शिक्षण.

पण लोक घरी येत. कोणी फॉर्म घेऊन येई, कोणी नोटीस घेऊन. बायको चहा करी. माणूस खुर्चीच्या टोकावर बसून म्हणे, बाबूजी, आप ही बताओ. अशा वेळी "मला माहीत नाही" असं म्हणवत नाही हो. मला नाही म्हणवलं. एकदाही नाही. यादवरावजी टेप घेऊन हे घर मोजत होते, मला विचारलं, "बाबू, भिंतीची जाडी धरायची का सोडायची?" मी पटकन म्हटलं, धरा. मला काय माहीत होतं? काहीच नाही.

आणि मग एक दिवस मी त्यांना म्हटलं, दार फिरवा.

फार वर्षांपूर्वी चहाच्या टपरीवर कोणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं, की घराचं दार जिकडे उघडतं तिकडचा भाव लागतो. कोण बोललं, कशाबद्दल बोललं, आठवत नाही. पण मी असं सांगितलं जसं काही नियम मीच लिहिला. म्हटलं, भाऊ, पुढचं दार विटांनी बंद करा, मागच्या गल्लीतून येणं-जाणं ठेवा, फॉर्मवर गल्ली लिहा. काम झालं.

ते बराच वेळ दाराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पक्कं ना बाबू?"

मी म्हटलं, पक्कं.

मिस्त्री आला त्या दिवशी मी इथंच होतो. पहिली वीट माझ्या हातून ठेववली. मोठा मान दिला त्यांनी मला. वहिनी चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊजी, पुन्हा उघडता येईल ना?" मी म्हटलं, वहिनी, वीट आहे, लोखंड थोडंच आहे. पाहिजे तेव्हा उघडू.

त्यानंतर यादवरावजींची खुर्ची मागच्या गल्लीत गेली. समोर शेजारच्यांची भिंत, खाली नाली. हाक कोणाला मारणार? मी आलो की विचारायचे, "सडकेवर काय चालू आहे बाबू?" स्वतःच्या घरापुढच्या सडकेची खबर ते मला विचारत होते. मी सांगायचो, आणि मनात म्हणायचो, चलो, टॅक्स तर वाचला ना.

मागच्या आठवड्यात, दुपारी जेवून उठले आणि छातीत कळ आली. प्रज्ञा त्याच दिवशी सासरहून, सिहोऱ्याहून आली होती, म्हणून घरात वहिनींसोबत धावपळ करायला कोणी तरी होतं. तिनं अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, मग मला फोन केला. मी धावत आलो. अ‍ॅम्ब्युलन्स माझ्याआधी पोहोचली होती. लवकर आली हो ती. त्यांना नावं ठेवायला जागा नाही. बरोबर घरासमोर उभी होती, ह्या भिंतीच्या पलीकडे. घराच्या नंबरची पाटी अजून तिथंच आहे ना. ड्रायव्हर भोंगा वाजवून राहिला होता आणि मला विचारत होता, "अंकल, दरवाज़ा किधर है?"

आणि यादवरावजी इथं पडले होते. ही जागा, जिथं आता मेणबत्त्या लावल्या आहेत, इथं. एका विटेचं अंतर होतं. त्यांना भोंगा ऐकू येत होता.

स्ट्रेचर गल्लीतून आणायला गेलो. जिन्याजवळ वळेना. आडवं केलं, उभं केलं, पुन्हा मागं नेलं. अ‍ॅम्ब्युलन्सवरची दोन पोरं होती, मेहनती, घामाघूम झाली. शेवटी म्हणाले, कुर्सी है क्या? मग त्यांच्याच खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून त्यांना बाहेर काढलं. जिन्याखालून जाताना मी त्यांच्या डोक्यावर हात धरला होता, लागू नये म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाबू, चप्पल राहिली."

त्यापुढं ते माझ्याशी बोलले नाहीत.

हॉस्पिटलात मी डॉक्टरांना विचारलं, थोडं आधी आणलं असतं तर? ते दुसऱ्या पेशंटकडे गेले, मी तिथं गेलो. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "अटैक बड़ा था अंकल। इसका जवाब मेरे पास नहीं है।" हो म्हटलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. नाही म्हटलं असतं तर रडून मोकळा झालो असतो. जवाबच नाही म्हटल्यावर माणसानं कुठं जायचं?

तुम्ही म्हणाल, बाबू, तुम्ही भल्यासाठीच सांगितलं. टॅक्स वाचावा म्हणून सांगितलं. थांबा, अजून ऐका.

परवा वहिनींनी मला त्यांची फाइल दिली. म्हणाल्या, ह्यातलं मला समजत नाही, पाहून घ्या. सगळे कागद तारखेनं लावलेले. पावत्या, फॉर्मच्या कॉप्या. आणि त्यात एक पत्र. वॉर्ड ऑफिसचं. मागच्या वर्षीचं. लिहिलं होतं की जागेवर येऊन मौका पाहणी केली, भूखंड मुख्य सडकेला लागून आहे, दार कोणत्याही बाजूला असलं तरी वर्ग तोच राहील, तरी फरकाची रक्कम भरावी. खाली त्यांनी भरल्याची पावती टाचलेली. त्याच आठवड्याची.

म्हणजे मागच्या वर्षीच त्यांना समजलं होतं. ही भिंत फुकटची आहे. एक पैसा वाचला नाही. तागडे बाबूला काहीच माहीत नव्हतं.

मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे येत होतो. रोज. ह्या पत्राबद्दल एका शब्दानं बोलले नाहीत.

मी वहिनींना विचारलं, मग तेव्हाच दार उघडलं काहून नाही? वहिनींनी ते पत्र माझ्या हातून घेऊन पुन्हा फाइलीत लावलं. मग म्हणाल्या, "मी मागं लागली होती भाऊजी. ते म्हणे, राहू दे सध्या. सडकेवरचं दार आहे, उघडलं की सगळ्यांना दिसते. लोक विचारतील, मंग बाबूचं नाव निघन. बिचारा कोणाकोणाचे फॉर्म भरून देते. त्याले वाईट वाटन. पोरीच्या घरी आपण दोन-चार महिने जाऊ, तेव्हा मिस्त्री लावू, म्हणजे कोणाच्या ध्यानात येणार नाही."

ऐकलं तुम्ही? माझी इज्जत जाऊ नये म्हणून तो माणूस वर्षभर नालीकडे तोंड करून बसला.

मी काय करू सांगा. माफी कोणाला मागू? प्रज्ञा बेटा, तू माझ्या पाया पडलीस मघाशी. तुला हे माहीत नव्हतं. आता माहीत झालं. तुला जे वाटेल ते वाटू दे, मी काही म्हणणार नाही.

तुम्हा सगळ्यांना एकच विनंती आहे. माझ्याकडे आता फॉर्म आणू नका. आणि माझ्या सांगण्यावरून कोणी घरात काही बंद केलं असेल, काही झाकलं असेल, तर ऑफिसात जाऊन नीट विचारा. टेबलामागं बसलेल्याला विचारा. लाइन लागते, लागू द्या. मला विचारू नका.

काल मी मिस्त्रीला घेऊन आलो होतो. म्हटलं, सभेच्या आधी तरी दार मोकळं व्हावं, लोक समोरून यावेत. त्यानं ठोकून पाहिलं, म्हणाला, चौकट आत शाबूत आहे, एका दिवसाचं काम. मी वहिनींना म्हटलं, वहिनी, सुरू करू का? तुम्ही म्हणाला होतात ना, पुन्हा उघडता येईल का? येते उघडता.

वहिनी फोटोला हार घालत होत्या. मागं वळल्याही नाहीत. म्हणाल्या, "आता घाई काहून, भाऊजी?"

मिस्त्रीला मी परत पाठवला.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. गल्लीतले तिथंच उभे राहा. तोंड ह्या भिंतीकडे असू द्या. पलीकडे सडक आहे, गाड्यांचा आवाज येईल, कोणी कोणाला हाक मारेल. येऊ द्या. तेच ऐकायला ते इथं बसत होते.

आणि मग एकेक करून निघा. जिन्याखाली डोकं सांभाळा.

यादवरावजी, तुमच्या बाबूचा शेवटचा जय भीम.