वाल्व कुणी पिळला?

...नाही, मला एक सांगा, बंद झालेली गोष्ट आणखी किती बंद करणार? काही हद्द असते की नाही? दाराला कडी लावली, लावली! मग काय कडीला लोंबकळायचं? पण आमच्या पॉवर प्लांटमधल्या माणसांना हे कोण सांगणार? बंद वाल्व दिसला की यांचे हात शिवशिवतात. येता पिळतील, जाता पिळतील, आणि "का हो पिळलात?" म्हणून विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, तेसुद्धा मान वाकडी करून... "थोडासाच पिळला, अक्का!"

थोडासाच म्हणे!

मी स्वरूपा. इथल्या थर्मलच्या वाल्व सेक्शनची मुख्य. हसताय काय? अहो, खरंच मुख्य! सोळा वर्षं स्टोअरमध्ये नटबोल्ट देत बसले होते, मग परीक्षा दिली, पास झाले, आणि गेल्या उगादीला, म्हणजे तुमच्या पाडव्याला, ही खुर्ची मिळाली. वाल्व सेक्शनला बाई पहिल्यांदाच! माझी आई तिकडे गावात सांगत फिरते, "आमच्या स्वरूपाकडे सगळ्या थर्मलचे नळ आहेत." मी तरी काय सांगू तिला? नळच ते. फक्त एकेकाचं चाक बैलगाडीच्या चाकाएवढं, आणि आतून जाणारं पाणी असं की अंगावर उडालं तर हळद लावायलासुद्धा कातडी उरायची नाही.

खुर्ची देताना आमचे चीफ कोंडल राव सार म्हणाले होते, "एक वर्ष बघू, स्वरूपम्मा. जमलं तर ठीक, नाहीतर जगपती आहेच." हा जगपती म्हणजे शेजारच्या पंप सेक्शनमधला. हा जो "आहेच" ना, तो खरोखर आहेच. दर सोमवारी येतो, माझ्या खुर्चीवर बसून बघतो, "जरा उंची जास्त आहे, नाही?" म्हणतो आणि जातो. म्हणजे ध्यानात आलं ना तुमच्या, एक जरी वाल्व नडला तरी मी परत स्टोअरात, नटबोल्टांत!

आणि नडला कुठला? ज्याच्यासाठी मी जीव टाकला, तोच! बॉयलरला पाणी देणारे तीन पंप आहेत आमच्याकडे. दोन चालतात, तिसरा उभा असतो, एखादा बिघडला तर हाताशी. त्या तिसऱ्या पंपाच्या तोंडावरचा वाल्व. वर्षानुवर्षं पास व्हायचा. आमच्यात वाल्व पास झाला म्हणजे वाईट बरं का, म्हणजे चाक पूर्ण बंद करूनसुद्धा आतून पाणी सटकतं. तर वार्षिक बंदच्या वेळी मी आणि आमचे कोमरय्या अन्ना, म्हणजे सेक्शनमधले सगळ्यात जुने फिटर, मला 'बिड्डा' म्हणजे पोरी म्हणून हाक मारणारे, दोघांनी तो उघडला. नऊ दिवस! आतलं पातं घासायचं, पुसायचं, त्याला निळा रंग लावायचा, बसवायचं, पुन्हा काढायचं, आणि बघायचं की समोरच्या कड्यावर निळी रेघ गोल, अखंड उमटली का. कुठे तुटली की पुन्हा घासा! आठ दिवस तुटत होती हो... नवव्या दिवशी अशी अखंड रेघ उमटली, की मी तिथेच खाली फतकल मारून बसले. रंग कपाळाला, कानाला, वेणीला... घरी गेले तर आमचे हे, ओदेलू, दारातच म्हणाले, "देवळात जाऊन बस, लोक नारळ फोडतील."

वाल्व बसवला. दांड्यापाशी गळू नये म्हणून नवीन दोरखंडाची वेटोळी भरली. आणि मग कोमरय्या अन्नांनी लांब पेचकस घेतला, टोक पाइपाला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. अशीच ऐकतात आमच्याकडे गळती. मी श्वास रोखून उभी. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बिड्डा, तान्हं बाळ झोपलंय."

मला रडू आलं हो. वाल्वसाठी! चव्वेचाळिसाव्या वर्षी!

पुढे काय झालं, युनिट चालू झालं, आणि तिसरा पंप त्याच्या कसल्याशा दुखण्यासाठी पंपवाल्यांनी उघडला. मग आमचा वाल्व बंद ठेवणं आलं. मी स्वतः जाऊन प्रत्येक शिफ्टला सांगितलं, "बाबांनो, लाइन गरम आहे, बंद करा आणि पाव फेरी मागे सोडा. पिळू नका. गरम असताना पिळलात तर गार झाल्यावर लोखंड आवळतं, मग तुमचा बाप आला तरी निघायचा नाही." ऑपरेटर लिंगमूर्ती नंदीबैलासारखा मान हलवतोय, समजलं की नाही देव जाणे, म्हणून म्हटलं, "अरे, घरी तिळाची चिक्की करते ना बायको? पाक गरम असताना ताटात दाबून बसव, आणि दुसऱ्या दिवशी उचटून दाखव मला!" तर म्हणतो, "आमच्याकडे लाडू करतात, अक्का."

वर पाटी लावली. लाल अक्षरात. "हा वाल्व पिळू नये." आणि इथेच चुकलं माझं! अहो, त्याच्या शेजारी बारा वाल्व होते, त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. माझ्या वाल्ववर पाटी दिसल्यावर प्रत्येकाला वाटायला लागलं, अरेच्चा, हा कुणीतरी महत्त्वाचा दिसतोय! याची जास्त काळजी घेतली पाहिजे! आणि आमच्या लोकांची काळजी म्हणजे काय... पिळणं!

बारा दिवस. मला पत्ता नाही. मी आपली रोज लांबून बघायची, पाटी आहे, चाक आहे, तान्हं बाळ झोपलंय.

तेराव्या दिवशी सकाळी दोन नंबरचा पंप कण्हायला लागला. कण्हायलाच हो, बेअरिंग तापलं त्याचं. कोंडल राव सारांनी फोन केला, "तिसरा पंप पंपवाल्यांनी जोडून दिलाय. वाल्व उघडा. दोन नंबर फार तर तीन वाजेपर्यंत तग धरेल. तोवर तिसरा चालला नाही, तर अर्धं युनिट खाली आणावं लागेल, निम्मी वीज जाईल, आणि मग स्वरूपम्मा, पुढचं मी बोलायला नको."

मी म्हटलं, "उघडतेच, सार!" ऐटीत गेले. चाकाला हात घातला. हलेना. मोठी चावी लावली. हलेना. लिंगमूर्तीला बोलावलं, आणखी दोघांना बोलावलं, चावीला पाइप घातला, चौघं लोंबकळलो... चाक आमच्याकडे असं बघत होतं, जसं नवरा रविवारी "बाजारात चला" म्हटल्यावर बघतो.

सार आले. मागोमाग जगपती आलाच, त्याला कसं कळतं कुणास ठाऊक! सारांनी चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खिशातून चौकशीचा कागद काढून दाखवला आणि म्हणाले, "सगळ्यात शेवटी हा वाल्व कुणी पिळला, ते नाव आज माझ्या टेबलावर पाहिजे. लेखी." आणि गेले. जगपती नाही गेला. म्हणाला, "स्टोअरला पंखा चांगला आहे, नाही का?"

कोमरय्या अन्ना मात्र शांत. वाल्वच्या पोटाभोवती गोणपाट गुंडाळलं, वाफेची नळी सोडली. म्हणाले, "गुडघा धरला की काय करतो आपण? शेक देतो. दोन तास शेकू दे. तू तुझा कागद कर."

निघाले मी कागद करायला. पहिला लिंगमूर्ती.

"खरं सांग, पिळलास?"

"अक्का, शिफ्ट सोडताना माझ्या नावावर गळती नको म्हणून... थोडासाच पिळला."

त्याच्यानंतरच्या शिफ्टचा राजलिंगू. तो म्हणतो, "लिंगमूर्तीनं बंद केलेला वाल्व कधी घट्ट असतो का, अक्का? त्याच्या पँटची चेन बघा. म्हणून मी आपला थोडासा."

सेफ्टीवाले साहेब! ज्यांनी बाकीच्यांना समजवायचं, ते! "छे छे, मी पिळला नाही, मॅडम. नीट बंद आहे का, तेवढं तपासलं."

"कसं तपासलंत?"

"...पिळून."

एक इलेक्ट्रिशियन म्हणाला, पाय घसरला, आधाराला चाक धरलं, आता धरलंच आहे तर म्हटलं... एकानं चाकाला जेवणाचा डबा अडकवला होता, डबा सारखा हलत होता, म्हणून पिळला. असे करत करत मी कँटीनपर्यंत पोचले, तर आमची चहावाली सम्मक्का हात पुसत म्हणते, "मी पण पिळला, अम्मा."

"अगं, तुझं काय काम तिथे?"

"मी चहा घेऊन जायची ना, जो येतो तो त्या चाकाला हात लावतो, दम लावून फिरवतो, पुढे जातो. वर लाल अक्षरं. मला कुठे वाचता येतं? मला वाटलं कसला तरी नवस असेल. आमच्या पोरीचं लग्न अडलंय... थोडासाच पिळला!"

आता हिला रागवायचं तरी कुठल्या तोंडानं?

"मग? जमलं का लग्न?" मी विचारलं.

"मंचिर्यालचं स्थळ आलंय!"

म्हणजे निदान कुणाला तरी माझा वाल्व पावला.

आणि दहावं नाव... दहावं नाव आमच्या यांचं! ओदेलूंचं! पाण्याच्या प्लांटमध्ये ड्यूटी यांची, अर्धा किलोमीटर लांब, यांचा त्या वाल्वशी संबंध काय? फोन केला. "अहो, तुम्ही पण?"

"अगं, तुझा वाल्व ना तो... लोक नावं ठेवायला नकोत तुला, म्हणून जेवणाच्या सुट्टीत जाऊन जरा..."

"रोज?"

"रोज थोडासाच."

घरी न्हाणीतला नळ पाच महिने टपकतोय! खाली बादली ठेवलीय, त्या बादलीत आता शेवाळ धरलंय, त्याला हात लावायला या माणसाला वेळ नाही, आणि अर्धा किलोमीटर उन्हात चालत जाऊन माझा वाल्व पिळतात! बरं, चिडावं तर प्रेमानं पिळलेला. असल्या माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

अकरावं नाव कोमरय्या अन्नांनी सांगितलं, हळूच, कानात. "पाहणीला आले होते त्या दिवशी... कोंडल राव सार. दोन्ही हातांनी."

ते मी कागदावर लिहिलं नाही. एवढी मुख्य अजून झाले नाही मी.

पण एक सांगते हं, या सगळ्या गदारोळात छाती काढून चालत होते मी. कारण आख्ख्या प्लांटमध्ये ते चाक न पिळलेली व्यक्ती एकच... मी! एकेकाला झाप झाप झापलं. "लोखंडाला समजून घ्या! ताकद लावून काही होत नाही! पिळण्यानं प्रश्न सुटत नाहीत!" कुणीतरी टिपून ठेवावं, असं बोलत होते.

अडीच वाजले. परत आले तर वाल्वभोवती ही गर्दी! अकराच्या अकरा गुन्हेगार, ओदेलू धापा टाकत आलेले, सम्मक्का किटलीसकट, सार घड्याळाकडे बघतायत, आणि दोन नंबरचा पंप तिकडे आता विव्हळतोय. अन्नांनी गोणपाट काढलं, वाल्वच्या पोटावर हातोडीनं टकटक केलं, कान लावला. म्हणाले, "तयार आहे. बिड्डा, चावी लाव."

मी चावी लावली, उघडायच्या बाजूला जोर लावणार...

"तसं नाही. आधी थोडासा पिळ."

मला वाटलं मी ऐकलं ते चुकलं. "काय?"

"बंदच्या बाजूला. केसभर. अडकलेलं पातं सरळ मागे येत नसतं. आधी एक धक्का पुढे, मग मागे."

"अन्ना, तुम्ही करा ना!"

"माझा खांदा गेलाय. आणि सेक्शन कुणाचं?"

अहो, काय सांगू... सगळे बघतायत! दोन तास ज्यांना झाप झाप झापलं, ते सगळे! कुठे तोंड लपवू? पण तिकडे पंप विव्हळतोय, इकडे जगपती खुर्चीची वाट बघतोय... डोळे मिटले, दात आवळले आणि पिळला. करकर्... केसभर गेला. गर्दीतून "आँ!" असा आवाज आला. मग दुसऱ्या बाजूला सगळं वजन टाकलं, माझं वजन काय कमी आहे होय, आणि... टण्ण! चाक सुटलं! असं सुटलं की मी चावीसकट ओदेलूंच्या अंगावर.

तीनला पाच मिनिटं कमी असताना तिसरा पंप चालू झाला. युनिट जराही खाली आलं नाही. कोंडल राव सारांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "वर्ष कशाला बघायचं? सेक्शन स्वरूपम्माचंच." जगपती म्हणाला, "खुर्ची तशी माझ्या पाठीला नडतच होती." मी तर हवेत! सम्मक्कानं चहा ओतला.

आणि तेवढ्यात सारांनी खिशातून तो कागद काढला.

"हे मात्र पूर्ण करायला हवं. वरपर्यंत जातो हा. सगळ्यात शेवटी वाल्व कुणी पिळला?"

मी वळून बघितलं. अकरा जणं. त्यांतले एक स्वतः विचारतायत, उरलेले दहा माझ्याकडे बघतायत.

लिंगमूर्ती म्हणाला, "सार, खोटं कसं बोलू? आत्ता, आमच्या डोळ्यांदेखत..."

सेफ्टीवाले म्हणाले, "वेळही नोंदवलीय मी. दोन चौतीस."

मी आशेनं ओदेलूंकडे बघितलं. वीस वर्षांचा संसार! त्यांनी छातीला हात लावला. "सार, मी घरचा माणूस आहे, पण खरं ते खरं. हिनंच."

नाव बरोबर, वेळ बरोबर, साक्षीदार बारा, जगपती धरून. केली सही.

आता आमच्याकडे नियम असा आहे, की वाल्व जास्त पिळणाऱ्याला अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आणि ते प्रशिक्षण द्यायचं वाल्व सेक्शनच्या मुख्यानं. सारांना म्हटलं, "सार, म्हणजे मी मलाच?" तर म्हणाले, "नियमात तसं कुठे नाही म्हटलंय?"

शनिवारी सकाळी दहा ते एक. मोठा हॉल, साठ खुर्च्या. फळ्यापाशी मी, समोर कुणी नाही. हजेरीवर एक सही विद्यार्थ्याची केली, एक शिक्षकाची. सम्मक्कानं दोन कप चहा आणला, दोन्ही मीच प्याले. शेवटी अभिप्रायाचा कागद भरायचा असतो, तोही भरला... शिकवणाऱ्या बाई चांगल्या आहेत, पण शिकणारीचं काही खरं दिसत नाही.